फोनच्या बाजारातील स्पर्धा

गावात किराणा मालाची दोन दुकाने असली की भाव आटोक्यात राहतात, हे आपण सर्वजण अनुभवाने जाणतो. एकाने साखर महाग लावली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील स्पर्धेचा धडा बहुधा येथूनच सुरू होतो. पण हा धडा दूरध्वनीला जसाच्या तसा लावता येईल का?

किराणा दुकानदाराला धंदा चालवण्यासाठी समोरच्या दुकानदाराचे सहकार्य लागत नाही. दूरध्वनी कंपनीला मात्र लागते. आपल्याकडे एका कंपनीचे सिमकार्ड असेल आणि बहिणीकडे दुसऱ्या कंपनीचे, तर आपला फोन बहिणीपर्यंत पोहोचण्यासाठी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकमेकींचे काम करावे लागते. शिवाय दोघींनाही आपले संदेश ज्या रेडिओलहरींवरून पाठवायचे आहेत, त्या लहरींची जागा मर्यादित आहे. म्हणून फोनच्या बाजारात स्पर्धा आपोआप वाढत नाही. ती नियमांनी उभी करावी लागते आणि उभी केल्यावर टिकवावीही लागते. भारतातील गेल्या तीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो. तो समजून घ्यायला थोडे गणित लागेल. परंतु ते शाळेतलेच आहे.

एकाच दुकानाचा काळ

२८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, ती एका खासगी कंपनीची होती. पुढे ही सेवा सरकारकडे आली आणि स्वातंत्र्यानंतर तर ती पूर्णपणे सरकारी खात्याचीच झाली. यामागे केवळ सरकारी हौस नव्हती. फोन म्हणजे तेव्हा तार. एका गल्लीत एका कंपनीने खांब रोवून तारा ओढल्या असताना दुसरीने पुन्हा तेच करणे म्हणजे दुप्पट खर्चात तेवढेच काम करणे. जेथे एकाच पुरवठादाराने काम करणे सर्वांत स्वस्त पडते, त्या व्यवस्थेला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. नळाचे पाणी आणि विजेच्या तारा ही तिची आणखी उदाहरणे.

मक्तेदारीत खर्च वाचतो हे खरे, पण तो वाचवलाच पाहिजे असे दडपण मक्तेदारावर नसते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात दिलेले आकडे बोलके आहेत. त्या वेळी देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या आणि सुमारे २५ लाख अर्जदार रांगेत होते. दर शंभर माणसांमागे फोन होते ०.८, तर जगाची सरासरी होती १०. देशातील ५,७६,४९० खेड्यांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार खेड्यांत फोन पोहोचला होता. घरी फोन यायला काही वर्षे लागणे ही तेव्हा सामान्य गोष्ट होती. ही उणीव काही अंशी भरून काढली ती पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथनी.

जोडण्यांचे गणित

मग दुसऱ्या कंपनीला परवाना दिला की झाले, असे वाटेल. येथे एक मेख आहे. एका जाळ्यात n फोन असतील तर त्यांत n(n−१)/२ जोड्या तयार होतात. शंभर फोनांच्या जाळ्यात ४९५० जोड्या होतात. म्हणजे इतक्या प्रकारे दोन माणसे एकमेकांशी बोलू शकतात.

आता हे शंभर ग्राहक दोन कंपन्यांत पन्नास-पन्नास असे वाटले आणि दोन्ही जाळी एकमेकांना जोडलीच नाहीत, तर प्रत्येकात १२२५, म्हणजे एकूण २४५० जोड्या उरतात. फोन तेवढेच, पण उपयोग निम्म्याहून कमी! जुन्या कंपनीकडे ९० आणि नव्या कंपनीकडे १० ग्राहक असतील तर नव्या कंपनीची स्थिती आणखी बिकट होते. तिचा ग्राहक फक्त ९ जणांशी बोलू शकेल, तर जुन्या कंपनीचा ८९ जणांशी. मग नव्या कंपनीने दर निम्मे केले तरी तिच्याकडे कोण जाईल?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमके असेच घडले होते. एका शहरात दोन कंपन्या असत, त्यांची जाळी जोडलेली नसत, आणि व्यापाऱ्यांना दुकानात दोन-दोन फोन ठेवावे लागत. १९१३ मध्ये तेथील सर्वांत मोठ्या कंपनीने सरकारशी तडजोड करून इतर स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देण्याचे मान्य केले.

यावरून पहिला नियम निघतो. फोनच्या बाजारात स्पर्धा हवी असेल, तर मोठ्या जुन्या कंपनीला लहान नव्या कंपनीशी जोडणी करणे सक्तीचे असले पाहिजे. नाहीतर मोठी कंपनी केवळ मोठी आहे म्हणूनच जिंकत राहील.

दोघे आले, तरी भाव उतरले नाहीत

१९९४ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत मोबाइल सेवेसाठी प्रत्येकी दोन खासगी कंपन्या निवडण्यात आल्या. पुढे इतर भागांसाठी राज्यवार मंडळे करून बोली मागवल्या गेल्या. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा यांचे मिळून एक मंडळ झाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाइल सेवेचा आरंभ केला.

दोन कंपन्या म्हणजे स्पर्धा आलीच. तरीही गर्दीच्या वेळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर पडे, आणि आलेल्या फोनचेही पैसे घेणाऱ्याला द्यावे लागत. असे का व्हावे? एक कारण म्हणजे बहुतेक मंडळांत कंपन्यांनी बोलीत भरमसाट रकमा लावल्या होत्या. ग्राहक मिळोत वा न मिळोत, ठरलेले परवाना शुल्क भरणे भाग होते. दुसरे कारण म्हणजे दोनच खेळाडू असले की एकमेकांचे दर पाहून स्वस्थ बसणे दोघांनाही सोयीचे असते. तिसरे कारण असे, की परवाना देणारे, नियम करणारे आणि स्वतः फोनसेवा विकणारे खाते एकच होते. खेळाडूच पंच असला तर सामना कसा होणार?

ही गाठ टप्प्याटप्प्याने सुटली. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ‘ट्राय’ स्थापन झाले. १९९९ च्या धोरणाने ठोक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली, त्यामुळे जास्त ग्राहक मिळवण्यात कंपनीचे आणि सरकारचे दोघांचेही हित जुळले. २००० मध्ये सरकारी सेवा खात्यातून वेगळी काढून भारत संचार निगम (बीएसएनएल) ही कंपनी करण्यात आली. २००१-०२ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्या मोबाइल सेवेत उतरल्या, आणखी एका खासगी कंपनीलाही परवाने मिळाले, आणि २००२ च्या अखेरीस वेगळे तंत्र घेऊन आणखी एक मोठी खासगी कंपनी बाजारात आली.

१ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले. यामागचा नियम असा, की जो फोन करतो त्याची कंपनी, फोन घेणाऱ्याच्या कंपनीला दर मिनिटाला ठरावीक रक्कम देईल. हा आंतरजोडणी आकार २००४ मध्ये ३० पैसे होता. तो २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४ आणि २०१७ मध्ये ६ पैसे झाला, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आला. ग्राहकाच्या बिलावर हा आकडा कधी छापलेला नसे, पण दर किती खाली येऊ शकतात याची मर्यादा तोच ठरवत असे. फोन घेणे फुकट झाल्यावर भाजीवाला, रिक्षावाला, गवंडी अशा सर्वांना मोबाइल परवडू लागला. २००४ च्या ऑक्टोबरच्या सुमारास देशातील मोबाइल फोनांची संख्या तारेच्या फोनांपेक्षा जास्त झाली. २००६ मध्ये मिनिटाला एक रुपया दराने देशभर बोलता येऊ लागले, आणि २००९ मध्ये सेकंदावर आकारणी सुरू झाली.

हवेतील जागा

मग कंपन्या वाढवतच का नेऊ नयेत? दोनाच्या दहा, दहाच्या वीस? येथे भौतिकशास्त्र आडवे येते.

सुरुवातीच्या जीएसएम मोबाइल सेवेसाठी ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा २५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा एक पट्टा फोनकडून मनोऱ्याकडे जाण्यासाठी आणि तेवढाच दुसरा पट्टा मनोऱ्याकडून फोनकडे येण्यासाठी राखलेला होता. सुरुवातीला प्रत्येक कंपनीला त्यातील ४.४ मेगाहर्ट्‌झच्या जोडीचा वाटा मिळाला. एका वाहक लहरीला ०.२ मेगाहर्ट्‌झ रुंदी लागते. म्हणजे २२ वाहक झाले. प्रत्येक वाहकावर वेळेचे आठ तुकडे पाडून आठ संभाषणे चालवता येतात. २२ × ८ = १७६. मोठ्या शहरात एका वेळी फक्त १७६ संभाषणे!

यातून मार्ग निघतो तो शहराचे लहान लहान भाग पाडून. प्रत्येक भागाला एक मनोरा दिला आणि त्याची शक्ती कमी ठेवली, की दूरच्या भागात त्याच वारंवारिता पुन्हा वापरता येतात. या भागांना ‘सेल’ म्हणतात, आणि त्यावरूनच सेल्युलर हा शब्द आला. मात्र शेजारशेजारच्या भागांत एकच वारंवारिता वापरली तर गोंधळ होतो. म्हणून समजुतीसाठी असे धरू, की १७६ वाहिन्या शेजारच्या चार मनोऱ्यांत वाटल्या. प्रत्येकाला ४४ आल्या. त्यांतील काही नियंत्रणाच्या कामासाठी सोडल्या, तर एका मनोऱ्याच्या परिसरात सुमारे ४० जण एका वेळी बोलू शकतील.

आता खरा प्रश्न असा, की या ४० वाहिन्या एकाच कंपनीकडे असणे आणि चार कंपन्यांत दहा-दहा वाटलेल्या असणे, यांत काही फरक पडतो का? वाहिन्या तर तेवढ्याच आहेत. पण फरक पडतो.

गावात चाळीस खोल्यांची एक धर्मशाळा आहे असे समजा. तिच्याऐवजी दहा-दहा खोल्यांच्या चार धर्मशाळा केल्या आणि एकीने दुसरीकडे पाहुणा पाठवायचा नाही असे ठरले. एखाद्या दिवशी एकीकडे अकरावा पाहुणा येईल आणि परत जाईल, तर त्याच वेळी दुसरीकडे चार खोल्या रिकाम्या असतील. एकच मोठी धर्मशाळा असती तर त्याला जागा मिळाली असती.

हे नुकसान नेमके किती, याचे सूत्र कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडले. शंभरातील दोनच फोन ‘लाईन व्यस्त’ म्हणून परत जावेत अशी अट घातली, तर त्या सूत्रानुसार उत्तरे अशी येतात :

एक कंपनी, ४० वाहिन्या : सरासरी ३१ संभाषणे
दोन कंपन्या, प्रत्येकी २० वाहिन्या : मिळून सुमारे २६
चार कंपन्या, प्रत्येकी १० वाहिन्या : मिळून सुमारे २०

म्हणजे लहरी तेवढ्याच असूनही चार वाटे केल्यावर एक तृतीयांश क्षमता वाया गेली. ही झाली स्पर्धेची किंमत. ती भरून काढायची तर प्रत्येक कंपनीला जास्त मनोरे उभारावे लागतात किंवा ग्राहकांनी फोन मध्येच तुटणे सहन करावे लागते. हा खर्च थोडा कमी करण्याचा एक उपाय म्हणजे मनोरा एकच उभारून त्यावर अनेक कंपन्यांनी आपापले अँटेना लावणे. आपल्या शाळेजवळचा मनोरा नीट पाहिला तर बहुधा हेच दिसेल. प्रतिस्पर्धी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे!

यावरून दुसरा नियम निघतो. कंपन्या फार कमी असल्या तर भाव चढतात, फार जास्त असल्या तर लहरी आणि पैसा वाया जातो. योग्य आकडा मध्ये कोठेतरी असतो, आणि तो लहरींचे वाटप करणाऱ्याच्या हाती असतो.

भरती आणि ओहोटी

भारताने ही दोन्ही टोके पाहिली. जानेवारी २००८ मध्ये ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीने १२२ परवाने दिले गेले, आणि काही मंडळांत कंपन्यांची संख्या दहाच्या पुढे गेली. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी हे सर्व परवाने रद्द केले आणि लहरींचे वाटप लिलावाने करण्यास सांगितले. दरम्यान २०१० च्या लिलावात थ्री-जी लहरींसाठी कंपन्यांनी ६७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मोजली होती. दर तळाला आणि देणी शिखराला, अशी अवस्था होऊ लागली.

याच काळात एक चांगला नियम आला. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. त्याआधी असमाधानी ग्राहकही क्रमांक जाईल या भीतीने जुन्याच कंपनीकडे राहत असे. दुकान बदलले तर घरचा पत्ता बदलावा लागेल, अशातलाच तो प्रकार होता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ ही नवी कंपनी फुकट फोन आणि जवळपास फुकट इंटरनेट घेऊन बाजारात उतरली, आणि जोडण्यांचे जुने गणित पुन्हा वर आले. नव्या कंपनीच्या ग्राहकांनी जुन्या कंपन्यांच्या ग्राहकांना केलेले फोन मोठ्या प्रमाणावर लागेनात. जुन्या कंपन्या पुरेसे जोडबिंदू देत नाहीत, असे नवी कंपनी म्हणे. फुकट फोनांचा पूर आमच्यावर लोटला आहे, असे जुन्या म्हणत. नियमाप्रमाणे जोडबिंदूवर हजारात पाचांहून अधिक फोन अडता कामा नयेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली.

इंटरनेटचा दर कोसळला. २०१४ मध्ये एक जीबीला सरासरी अडीचशे रुपयांच्या पुढे असलेला भाव २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आसपास आला. ग्राहकाचा हा लाभ खराच होता. परंतु काही कंपन्यांनी दुकान बंद केले, काहींनी व्यवसाय विकला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वोडाफोन व आयडिया या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाना शुल्काच्या वादात सरकारच्या बाजूने निकाल दिल्यावर जुन्या कंपन्यांवर मोठ्या थकबाकीचा बोजा आला. वोडाफोन आयडियाची काही देणी सरकारने भागभांडवलात बदलून घेतली. २०२३ मध्ये सुमारे एक तृतीयांश, तर २०२५ मध्ये सुमारे ४९ टक्के हिस्सा सरकारचा झाला. तीस वर्षांपूर्वी सरकारी मक्तेदारी मोडण्यासाठी खासगी कंपन्या आणल्या आणि आता स्पर्धा टिकावी म्हणून सरकारच एका खासगी कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक बनले.

स्पर्धा मोजायची कशी?

बाजारात किती स्पर्धा उरली हे मोजण्यासाठी हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरतात. नाव अवघड असले तरी कृती सोपी आहे. प्रत्येक कंपनीच्या ग्राहकांची टक्केवारी घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची बेरीज करायची. सारख्या आकाराच्या दहा कंपन्या असतील तर उत्तर १००० येते, चार असतील तर २५००, आणि एकच असेल तर १००²  म्हणजे १०,०००. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार १८०० च्या वरचा बाजार अतिकेंद्रित समजला जातो.

भारतात २०१० च्या सुमारास सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीकडेही ग्राहकांचा सुमारे पाचवा हिस्साच होता. २०२४ च्या अखेरीस पहिल्या चार कंपन्यांचे वाटे साधारण ४०, ३३, १८ आणि ८ टक्के होते. वर्ग करून पाहू : १६०० + १०८९ + ३२४ + ६४ = ३०७७.

या आकड्याचा अर्थ दरांतही दिसतो. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तिन्ही वेळी खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने एकामागोमाग दर वाढवले. जुलै २०२४ नंतरचे काही महिने बीएसएनएलचे ग्राहक वाढले. याचा अर्थ, चौथा पर्याय अशक्त असला तरी तो असण्याला महत्त्व आहे. जायला दुसरी जागा आहे एवढे ग्राहकाला ठाऊक असणे, हीच तर स्पर्धा.

वर्गात करण्यासारखे

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय हातांनी करून पाहता येईल. प्रत्येकाने आपल्या घरातील सिमकार्डे कोणत्या कंपन्यांची आहेत ते लिहून आणावे. वर्गाचे वाटे काढून निर्देशांक मांडावा आणि तो देशाच्या आकड्याशी ताडून पाहावा. कुटुंबाने कधी कंपनी बदलली का आणि का बदलली, हेही विचारावे. किती घरांत एकाच माणसाकडे दोन सिमकार्डे आहेत याची नोंद घेतली, तर आणखी एक गोष्ट उलगडेल. २०२४ च्या अखेरीस शंभर माणसांमागे शहरांत सुमारे १३० आणि ग्रामीण भागात सुमारे ५८ जोडण्या होत्या. १३० हा आकडा माणसांचा नसून जोडण्यांचा आहे, आणि सर्वांकडे फोन आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

शेवटी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. तुमच्या घरी किती कंपन्यांची रेंज येते? देशाचा निर्देशांक ३०७७ असेल, पण डोंगरापलीकडच्या ज्या वाडीत एकाच मनोऱ्यावरून एकाच कंपनीचा संदेश येतो, तेथे तो आजही १०,००० आहे. तेथे क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क कागदावर राहतो, कारण बदलून जायचे कोठे? अशा ठिकाणी केवळ नफ्यासाठी दुसरा मनोरा कोणी उभारत नाही. त्यासाठीच २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून एक निधी वेगळा काढला जातो. तो आपल्या भागात कोठे खर्च झाला, हे शोधून काढण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांना प्रकल्प म्हणून देता येईल.